शिळी जागा

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर
९ जुलै २०२४

ती. सौ. अक्का,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी ओरडायचं, तुझ्या कानातल्या मशीनने शिट्टी मारायची आणि शेवटी तू बरं बरं म्हणून फोन ठेवायचास. त्यापेक्षा पत्र बरं. पाकिटावर हाताने लिहिलेला पत्ता बघून आमच्या पोस्टमनलाही गंमत वाटली. त्याच्या पिशवीत हल्ली नुसत्या बँकेच्या नोटिसा असतात म्हणे.

आईचं खुब्याचं हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, आता काळजी नाही. दोघांनी धरलं तर न्हाणीपर्यंत जाते. जेवण थोडं, पण जेवते. झोपत मात्र नाही. दिवे मालवले की हिचे डोळे टक्क उघडे. वैजयंतीला हाक मारते, ती उठून गेली की सांगते, ही जागा चांगली नाही. पाणी नको, पाय चेपायला नको, जागा चांगली नाही एवढंच. पुन्हा तासाभराने हाक. पडण्याआधी हीच बाई घोंगडं टाकलं की घोरायला लागायची, हे तुला सांगायला नको.

ती खोली मी निवृत्त झाल्यावर मुद्दाम तिच्यासाठी बांधून घेतली. पूर्वेला खिडकी, आत संडास, खाली गुळगुळीत फरशी. रानोमाळ मेंढरांमागे हिंडून तिचे पाय झिजले, आता म्हातारपणी तरी एका जागी सुखाने पडावं, एवढीच माझी इच्छा होती. आता ती खोलीच तिला खायला उठते म्हणायची. अक्का, मला कधी कधी वाटतं, माझ्या हातून काहीतरी वाकडं बांधलं गेलं.

शेजारच्या ठमाबाईने तर वैजयंतीच्या तोंडावर विचारलं, की सुनेने असं काय करून ठेवलंय म्हणून सरुबाईला घर मानवेना. वैजयंती भाकरी थापत राहिली. ती हल्ली फारसं बोलतच नाही. रात्री उठायचं आणि दिवसा कामाला जुंपायचं, बोलायला जीव उरत नसावा. मीही थकलो आहे. आईला या घरात शांत झोप लागावी, दुसरं काही मागणं नाही. तुला काही सुचलं तर कळव.

दाजींना नमस्कार, प्रांजलला आशीर्वाद. तुझी माया आजवर पुरली, पुढेही पुरव.

तुझा,
अमृत

---

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

धामणी, ता. आंबेगाव
१७ जुलै २०२४

चि. अमृत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. अक्षर अजून कचेरीतल्यासारखंच आहे, वाचताना मला वाटलं खाली शिक्का असेल. माझ्या अक्षराला हसू नकोस. प्रौढशिक्षणाच्या वर्गात दाजींनी बळेच बसवलं म्हणून ही अक्षरं तरी आली.

आईला इकडे घेऊन ये. जागेजागेत फरक असतो, हे मी मानते. काही जागा अशा असतात की गेलं की डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं होतं. आमचं घर देवळाच्या पायथ्याशी आहे, सकाळ-संध्याकाळ खंडोबाची घंटा अंगावर येते. मला ऐकू येत नाही तरी भिंतीला हात लावला की कळते. इथली जागा जागती आहे. तुमच्या बोरीत ऊस, कालवा आणि बिबट्या, तिथे माणसाला झोप कशी लागायची!

वैजयंतीला चार दिवस डिंगोऱ्याला माहेरी पाठव. नुसतं झोपायला पाठव. आणि ठमाबाईला सांग, तुझ्या घरचं तू बघ. तुला सांगवणार नाही, मला माहीत आहे. मी आले की सांगेन.

मशीनचा सेल संपला आहे, त्यामुळे सध्या घरात फार शांतता आहे. दाजी म्हणतात तेही सुखात आहेत.

येताना आईचं घोंगडं विसरू नकोस. लोभ ठेव, लहान भाऊ असलास तरी.

तुझी,
प्रयागअक्का

---

धामणी
८ ऑगस्ट २०२४

चि. अमृत यास,
अ. आ.

मी म्हणाले नव्हते? आई आली त्या रात्री जी झोपली ती सकाळी घंटेलाही उठली नाही. दुसऱ्या रात्रीही तसंच. दाजींनी दोनदा नाकाशी हात धरून बघितला. मी देवळात जाऊन भंडारा उधळला, आईच्या कपाळाला लावला. आता ती इथेच राहू दे, वैजयंतीला म्हणावं पाय पसरून झोप. जागेचा गुण हा असा असतो. तुझी खोली चांगली आहे रे, पण नुसत्या सिमेंटने जागा होत नाही.

पत्र टाकायचं राहून गेलं, म्हणून पुढे लिहिते. आज बारा तारीख. वरचं सगळं खोडावंसं वाटतं, पण कागद वाया जाईल. आई पुन्हा जागीच आहे. मला ऐकू येत नाही म्हणून ती भिंतीवर काठी आपटते, तो हादरा मला कळतो. उठून जाते तर ती हळू आवाजात काहीतरी पुटपुटते. तिचे ओठ आता पार आत गेलेत, ओठांवरूनही समजत नाही. नात प्रांजल म्हणते, पणजी नुसतं जागा जागा करते. खंडोबाच्या पायथ्याला पण हिला जागा आवडेना म्हणजे आता काय करावं? मी देवळात जाऊन देवाशी भांडून आले.

माझे गुडघे उठबस करून सुजले आहेत. वैजयंती वर्षभर हे करते, हे मला आता कळलं. तिला माझा नमस्कार सांग. मोठी असले तरी सांग.

रविवारी गाडी करून आईला घेऊन जा. रागावून पाठवत नाही, माझ्याच्याने होत नाही.

जीव लावून रहा.

तुझी,
अक्का

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

बोरी बुद्रुक
२२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. अक्का,
सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहावं असं काही घडत नव्हतं आणि जे घडत होतं ते लिहायचं जिवावर येत होतं.

जुन्नरच्या कन्हैयालाल शेठना तू ओळखतेस, आबा त्यांच्या दुकानातून मेंढरांसाठी खडेमीठ आणायचे. त्यांचा नातू कल्पेश आता रंग आणि फरशीचं दुकान चालवतो. त्याला सहज घरची अडचण सांगितली, तर त्याने त्याच्या ओळखीचे एक वास्तूवाले पाठवले. तू हसशील, पण मी हात टेकले होते. त्यांनी मोबाईलमधलं होकायंत्र घेऊन सगळं घर पालथं घातलं, एक तांब्याची सळई हातात धरून आईच्या खोलीत उभे राहिले आणि म्हणाले, की इथे फार वाईट ऊर्जा साचली आहे, माणसाला झोप येणं शक्यच नाही. मला वाटलं, चला, कुणाला तरी कळलं.

त्यांनी खाट खिडकीखालून काढून समोरच्या भिंतीला लावली, डोकं दक्षिणेला. आई झोपली. वैजयंतीने दोन-तीन रात्री तिच्या खोलीत जाऊन नुसतं बघितलं, तिला झोपलेल्या माणसाची सवयच राहिली नव्हती. मग पुन्हा हाका सुरू. वास्तूवाल्यांना फोन केला. त्यांनी येऊन खाट मधोमध घेतली आणि चार कोपऱ्यांत तांब्याचे छोटे पिरॅमिड ठेवले. पुन्हा तेच, आधी झोप आणि मग जाग. मी घरभर गोमूत्र शिंपडलं, धूप घातला, सत्यनारायण घातला. आता ते म्हणतात, दोष बांधकामातच आहे, ईशान्येची भिंत पाडून संडास दुसरीकडे न्यायला हवा. म्हणजे खोलीच पाडायची.

मागच्या आठवड्यात वैजयंती हौदापाशी चक्कर येऊन पडली. लागलं नाही, पण बराच वेळ तिथेच बसून राहिली, उठायला तयार होईना. म्हणाली, इथे कुणी हाक मारत नाही. त्यानंतर आम्ही जुन्नरला जाऊन म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ते एक घर बघून आलो. जागा स्वच्छ आहे, ओळीने खाटा, रात्री पगारी बाई असते. परत येताना एसटीत वैजयंती खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिला म्हटलं, की तुझ्याचसाठी गेलो होतो, तर ती म्हणाली, म्हणूनच.

दिवाळीपर्यंत बघायचं, असं ठरवलं आहे. तोवर घर रंगवून बघू. वास्तूवाल्यांनी एक फिकट पिवळा सांगितला आहे, कल्पेशने डबे पाठवलेत. त्याने झालं तर ठीक, नाहीतर खोली पाडायची की आईला नेऊन ठेवायचं, हे तूच सांग. मोठी आहेस.

आशीर्वाद असू दे.

अमृत

---

धामणी
१ ऑक्टोबर २०२४

अमृत,
अ. आ.

पत्र वाचून मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. दाजींना वाटलं मशीन बिघडलं.

आईला ओळीतल्या खाटेवर ठेवू नकोस. मी तुला रागावायला लिहीत नाही, मला रागावण्याचा हक्क नाही. माझ्याकडे ती पंधरा दिवसही टिकली नाही, म्हणजे मीच टिकले नाही. तुम्ही दोघं वर्षभर टिकलात. पण ज्या बाईने आयुष्यभर कुणाच्या छपराखाली पाय पसरले नाहीत, तिला परक्या छपराखाली मरण नको. एवढं माझं ऐक.

खोलीचं मला कळत नाही. पाडून झोप येत असेल तर पाड, पण त्या सळईवाल्याच्या घरात झोप कशी आहे ते एकदा त्याच्या बायकोला विचार.

वैजयंतीला म्हणावं, दुपारी दार लावून घेत जा. आईला दुपारी हाक मारू दे, भिंतीला हाक मारू दे. दाजींची शुगर वाढली आहे, नाहीतर मीच येऊन राहिले असते. माझाही आता फार भरवसा धरू नकोस.

तुमच्यावर माया आहे, ती कामाला येत नाही याचंच वाईट वाटतं.

अक्का

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

बोरी बुद्रुक
२४ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. अक्का,
सा. न. वि. वि.

बिरोबाची कृपा झाली. आई झोपते! आठवडा होऊन गेला, रोज रात्री झोपते, एकही हाक नाही, ‘जागा चांगली नाही’ हेही नाही. रंगाने गुण दिला. कल्पेशला फोन करून सांगितलं, तोही फार खूश झाला, म्हणाला हाच रंग त्याने दुकानात दिला आहे.

बाकी घराची मात्र दैना झाली. रंगारी दोघंच, आणि दोघंही एका खोलीतलं काम संपवून दुसऱ्या खोलीत जाणारे नव्हेत. आज इथे घासायचं, उद्या तिथे भेगांत लांबी भरायची, परवा पुन्हा इथे. त्यांच्या पुढे पुढे आईची खाट पळवता पळवता माझ्या नाकी नऊ आले. एका रात्री स्वयंपाकघरात, एका रात्री जिन्याखाली, एका रात्री कांदा साठवायच्या बराखीशेजारच्या खोलीत. त्या खोलीत कांद्याचा एवढा वास, की मी आत नाक धरून जायचो, आणि आई तिथे पार सकाळपर्यंत. काल ती ओट्यावर होती, बिबट्याच्या भीतीने जाळी लावून घेतली आहे तिथे. रंग अजून तिच्या खोलीत लागायचा आहे, शेवटी घेणार आहेत, पण घरातली ऊर्जा आत्ताच बदललेली दिसते.

आता ती खोली रंगवून झाली की तिला कायमची तिथे नेऊन ठेवतो, म्हणजे सगळं मार्गी लागलं. जुन्नरचा विषय मी मनातून काढून टाकला आहे.

वैजयंतीला पत्र वाचून दाखवलं. एरवी मी लिहितो तेव्हा ती झोपेला आलेली असते. आज ताजीतवानी आहे, तर म्हणते मलाही दोन ओळी लिहायच्यात. लिहू दे.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

अमृत

वन्संना सा. न. ह्यांनी पत्र वाचून दाखवलं, म्हणून सांगते. आधीच्या पत्रांतही ह्यांनी तसंच लिहिलं असणार. पण सासूबाई ‘जागा चांगली नाही’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणतात, ‘जागा शिळी झाली गं.’ मला आधी वाटायचं माझ्या भाकरीला म्हणतात, म्हणून मी दोन्ही वेळा ताज्या करायला लागले. तरी म्हणत राहिल्या. मग वाटलं मलाच म्हणतात. आमच्या डिंगोऱ्याला कुणी मेंढरं पाळली नाहीत, त्यामुळे तुमच्याकडची बोली मला सगळी येत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मी काय शिळं ठेवते? – वैजयंती

---

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

धामणी
२९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. वैजयंती आणि चि. अमृत,
अ. आ.

हे पत्र वैजयंतीच्या चार ओळींना उत्तर आहे. अमृतने शेजारी बसून ऐकावं.

अमृत, तू जन्मभर कचेरीत लोकांच्या अर्जांचे गोषवारे केलेस आणि घरी येऊन आईचाही केलास. ती म्हणाली शिळी, तू लिहिलंस चांगली नाही. अरे, तोच शब्द तू जुलैत लिहिला असतास तर मी एका पोस्टकार्डावर उत्तर दिलं असतं. मी तिच्या उशाशी बसले तेव्हा तिने तोच शब्द सांगितला असणार, आणि मी बहिरी. कुणाला बोलायचं!

शिळी म्हणजे वाईट नव्हे. तू जुन्नरला वसतिगृहात होतास, मी लग्न होईपर्यंत कळपामागे होते, म्हणून मला माहीत. शेतकरी खतासाठी आमची मेंढरं रात्री शेतात बसवून घ्यायचा. पण एका तुकड्यात दोन-तीन रात्रींच्या वर बसवली तर मुताने जमीन जळते, आणि मेंढरंही तिथे बसायला बघत नाहीत, रात्रभर उभी राहतात. मग आई सकाळी माती हातात घ्यायची, वास घ्यायची आणि म्हणायची, ‘जागा शिळी झाली, उठा.’ की आबा मेंढरांभोवतीची जाळी, म्हणजे वाघर, गुंडाळायचे, आणि रात्री मेंढरं, आम्ही, चूल, सगळं पुढच्या तुकड्यात.

आईचं मानणं असं, की प्रत्येक जागेत झोप असते. विहिरीत पाणी असतं तशी. आपण ती उपसतो आणि दोन-तीन रात्रींत जागा दमते. मग तिला पडू द्यायचं आणि आपण उठायचं. नव्या जागी गेल्यावर ती आधी जमिनीवर पंजा टेकून विचारायची, ‘बसू का?’ आणि निघताना लहान पोराला थोपटावं तसं जमिनीला थोपटून म्हणायची, ‘लई दिलंस. आता नीज.’ मी कितीदा ऐकलंय. तेव्हा माझे कान चांगले होते.

कळप विकला, बोरीत घर झालं, तरी ती एका जागी झोपली का, आठवून सांग. आज चुलीपाशी, परवा ओट्यावर, मग गोण्यांच्या खोलीत. आपण हसायचो, की आईचं घोंगडं फिरतीवर गेलं. खुबा मोडला आणि तुम्ही तिला खाटेवर ठेवलं आणि खाट खोलीत ठेवली. तिला उठून जाता येईना, म्हणून ती तुम्हाला उठवत होती.

माझ्या खंडोबाने काही केलं नाही, इथली जागा तिला नवी होती. सळईवाल्याने खाट फिरवली, तेवढी जागा नवी झाली. रंगाऱ्यांनी तर रोजच नवी करून दिली. आणि तू आता तिला कायमची एका खोलीत ठेवायला निघालास! खोली पाडू नकोस. खाट हलव. अंगणात नको, बिबट्याचा काय नेम, पण जाळीच्या आत तुझं घर मोठं आहे.

वैजयंती, पोरी, तुझ्या भाकरीला आणि तुला कुणी शिळं म्हणालं नाही. हे मी तुला तोंडाने सांगायला हवं होतं, पण तू काय उत्तर देशील ते मला ऐकू आलं नसतं.

दिवाळीला लाडू पाठव. तुमची आठवण सोडत नाही, तुम्हीही सोडू नका.

अक्का

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

बोरी बुद्रुक
१५ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्का,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आम्ही झोपा काढत होतो. इतके महिने साठलेली झोप वसूल करायची म्हणजे वेळ लागतो.

खाट जुन्नरला नेऊन तिला चाकं बसवून आणली. वास्तूवाल्यांचे तांब्याचे पिरॅमिड वाया गेले नाहीत, चाकं सरकू नयेत म्हणून खाली अडकवतो, फार उपयोगी आहेत. आई आज देवघरासमोर आहे. दोन रात्री झाल्या की ती स्वतःच सांगते, आणि न सांगता आम्ही हलवली तर तान्ह्या पोरासारखी बोळकं उघडून हसते. तिची खोलीही फिरतीत येते. तिथे ती छान झोपते. मी वाकडं काही बांधलं नव्हतं, अक्का. मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिचा हात जमिनीला पोहोचत नाही, म्हणून तिने ते काम वैजयंतीला शिकवलं. वैजयंती फरशीवर पंजा टेकून ‘बसू का’ विचारते, निघताना थोपटते आणि तू लिहिलेलं ते वाक्य म्हणते. आई खाटेवरून लक्ष ठेवते, घाईने म्हटलं तर पुन्हा म्हणायला लावते. दोघींची आता गट्टी जमली आहे, मला बाहेर बसवतात. आईने मलाही म्हण म्हणून सांगितलं. मला जमलं नाही. कचेरीत भिंतींशी बोलणारे पाहिलेत, पण जमिनीशी बोलायला माझी जीभ वळत नाही. मी नुसती खाट ढकलतो.

ठमाबाईला हा सगळा येडेपणा वाटतो. वाटू दे.

आई थकत चालली आहे. त्रास काही नाही. जेवण घोटभर दुधावर आलं आहे आणि झोप दिवसाही लागते. संक्रांतीला येऊन जा, जमलं तर दाजींनाही आण. दिवा आहे तोवर भेटून घ्यावं, असं वाटतं.

तुझी माया आम्हाला अजून हवी आहे.

अमृत

---

॥ श्री ॥

बोरी बुद्रुक
१९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

दाजींच्या तब्येतीमुळे तुम्हाला सावडण्याच्या दिवशीच परत जावं लागलं. दहाव्याला तुम्ही येणारच आहात, पण मला त्याआधी लिहायचं आहे. समोर बोलायला गेले की मला रडू येतं आणि तुम्हाला ऐकू येत नाही. हे पत्र उद्या मंचरला जाणाऱ्या माझ्या भावाच्या हाती देते.

सासूबाई गेल्या त्या रात्री जाळीच्या ओट्यावर होत्या, हे तुम्हाला माहीत आहे. या फिरतीतली तिथली ती पहिलीच रात्र. झोपताना त्यांनी मला ‘बसू का’ विचारायला लावलं आणि मग म्हणाल्या, की ही जागा लई ताजी आहे. पहाटे मी दूध घेऊन गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. हाक मारली नाही त्यांनी. वर्षभर त्यांच्या हाकेला मी कंटाळले होते, आणि त्या पहाटे मी तिथे किती वेळ हाकेची वाट बघत उभी राहिले.

वन्सं, एक सांगते. त्या जागा शिळी म्हणायच्या तेव्हा मला वाटायचं, ती जागा म्हणजे मी. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते घेऊन हौदावर जाऊन बसले आणि पुन्हा पुन्हा वाचलं. जागा दमते, तिला पडू द्यायचं, हे वाचून मला जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच वाटलं नव्हतं.

आता लिहायचं ते हे. जिथे जीव गेला तिथे रीतीप्रमाणे पीठ पसरून दिवा लावला. तुमच्यासमोरच लावला. दिवा दहाव्यापर्यंत तिथून हलवायचा नसतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण तुम्ही गेलात त्या रात्री मला झोप लागेना. कुणी बोलवत नव्हतं तरी मी उठून ओट्यावर जात होते. दिव्याकडे बघून एकच मनात येत होतं, की दोन-तीन रात्री झाल्या. काल संध्याकाळी मी दिवा उचलला. ठमाबाई बसायला आल्या होत्या, त्या ओरडल्याच, की आत्मा जागा चुकेल, असं कुणी करतं का. मी म्हटलं, आमच्या सासूबाई जागा बदलून कधी चुकल्या नाहीत, जागा न बदलल्यानेच चुकल्या. मी त्यांना पहिल्यांदाच उलट बोलले.

मला भीती होती ह्यांची. हे भिंतीला टेकून बसले होते. रीतभात, चारचौघं, ह्यांना किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. हे उठले. मला वाटलं, दिवा परत ठेवायला सांगतील. तर ते गुडघे धरून त्या पिठाशेजारी खाली बसले. हातात दिवा घेऊन मी उभी, ठमाबाई दारात. ह्यांनी फरशीवर पंजा टेकला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि मग हळूहळू थोपटत म्हणाले, ‘लई दिलंस. आता नीज.’

गोषवारा केला नाही, वन्सं. आईचे शब्द जसेच्या तसे.

आज दिवा चुलीपाशी आहे. तुम्ही याल तेव्हा तो कुठे असेल ते मी आत्ता सांगू शकत नाही. आलात की हे घरच तुम्हाला दाखवील.

दाजींना नमस्कार. मोठेपणाने माझ्यावर जी माया केलीत, ती आता सासूबाईंच्या वाटणीचीही माझ्यावर करा.

तुमची,
वैजयंती